टेबलावरचे यार्ड

पाच गावांहून निघालेल्या वॅगन एकाच मालगाडीला जोडून एका जंक्शनवर आल्या आहेत. इथून पुढे त्या पाच वेगवेगळ्या दिशांना जायच्या आहेत. वॅगनला स्वतःचे इंजिन नसते आणि रुळावर एक वॅगन दुसरीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. मग मधलीच एखादी वॅगन बाहेर काढायची कशी? ट्रकच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण ट्रक बाजूने निघून जातो. रेल्वेला मात्र हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला आहे. त्याचे उत्तर म्हणजे यार्ड.

अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत घरात टेबलावर छोटी रेल्वे उभारण्याचा छंद फार जुना आहे. आपल्याकडे तो कमी दिसतो. तरी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक शाळांच्या सहलींनी पाहिलेले असेल. या छंदात डोंगर, बोगदे, पूल करणे तुलनेने सोपे आणि यार्ड करणे अवघड समजले जाते. नवशिक्या मिळेल तेवढ्या जागेत जास्तीत जास्त समांतर रूळ टाकतो, त्यावर असतील तेवढ्या वॅगन उभ्या करतो आणि मग त्याच्या लक्षात येते की आता काहीच हलवता येत नाही. यार्ड दिसते छान, पण चालत नाही.

चालणारे यार्ड आखायचे तर थोडे गणित करावे लागते. ते गणित शाळेतलेच आहे. त्यासाठी महागडे मॉडेलही लागत नाही, काड्यापेट्यांवर भागते. म्हणून हा विषय इथे घेतला आहे.

सायडिंग म्हणजे चळत

यार्डाचा सर्वांत साधा भाग म्हणजे एका टोकाला बंद असलेला रूळ, म्हणजेच डेड एंड सायडिंग. त्यात इंजिन वॅगन ढकलत नेते, कपलिंग सोडते आणि परत येते. सर्वांत आधी आत गेलेली वॅगन सर्वांत खोल जाते आणि ती बाहेर येते सर्वांत शेवटी. स्वयंपाकघरातल्या ताटांच्या चळतीसारखेच हे आहे. खालचे ताट हवे असेल तर वरची सगळी उचलावी लागतात. संगणकाचा अभ्यास करणारे याच रचनेला स्टॅक म्हणतात.

अशा काही सायडिंग एकाच रुळाला सांध्यांनी जोडलेल्या असतात. या सामाईक रुळाला रेल्वेत शंटिंग नेक म्हणतात. आपण त्याला नुसते नेक म्हणू. इंजिन वॅगनची रांग घेऊन नेकवर उभे राहते, सांधा बदलला की पुढे ढकलते, एखादी वॅगन सोडते, मागे येते, पुन्हा सांधा बदलतो, पुन्हा पुढे जाते. शंटिंग म्हणतात ते हेच.

एक छोटे उदाहरण घेऊ. इंजिनापासून १, २, ३ या क्रमाने तीन वॅगन आहेत. त्यांचा क्रम ३, २, १ असा उलटा करायचा आहे. सायडिंग तीन असतील तर काम एका फेरीत होते. ३ पहिल्या सायडिंगमध्ये, २ दुसऱ्या आणि १ तिसऱ्या सायडिंगमध्ये सोडायची. मग आधी ३, मग २, मग १ अशा उचलायच्या.

सायडिंग दोनच असतील तर? त्यांना क आणि ख म्हणू. ३ क मध्ये, २ ख मध्ये आणि १ पुन्हा क मध्ये सोडा. आता आधी ख मधली वॅगन उचला, नंतर क मधल्या. इंजिनापासूनचा क्रम २, १, ३ असा झाला. दुसऱ्या फेरीत ३ क मध्ये, १ ख मध्ये आणि २ सुद्धा ख मध्ये सोडा. आधी क उचला, मग ख. क्रम ३, २, १ मिळाला.

सायडिंग कमी झाल्या तर काम अडत नाही, पण फेऱ्या वाढतात. जागा वाचवली की वेळ जातो आणि वेळ वाचवायचा तर जागा द्यावी लागते. यार्डाच्या आखणीत ही देवघेव पावलोपावली भेटते.

आठ वॅगनचे कोडे

ही देवघेव खेळातून दाखवणाऱ्या दोन रचना या छंदात प्रसिद्ध आहेत. एक अमेरिकेतल्या जॉन अॅलन यांची. 'टाइमसेव्हर' नावाचे हे कोडे 'मॉडेल रेलरोडर' मासिकाच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकात आले. त्यात घड्याळ लावून वॅगन ठरलेल्या जागी पोचवायच्या असतात. दुसरी रचना इंग्लंडमधल्या अॅलन राइट यांची. 'इंग्लेनुक सायडिंग' हे तिचे नाव, आणि तीही १९७० च्या दशकातलीच. ही अधिक साधी असल्यामुळे वर्गासाठी सोयीची आहे.

राइट यांच्या रचनेत तीन सायडिंग आहेत. एकीत ५ वॅगन मावतात, उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी ३. नेकवर इंजिन आणि ३ वॅगन मावतात. एकूण वॅगन ८. सुरुवातीला ५ वॅगन लांब सायडिंगमध्ये आणि ३ एका आखूड सायडिंगमध्ये असतात. आठ चिठ्ठ्यांतून पाच चिठ्ठ्या एकेक करून काढायच्या. ज्या क्रमाने आकडे येतील त्याच क्रमाने पाच वॅगनची गाडी लांब सायडिंगमध्ये तयार करायची. वॅगन हाताने उचलायची नाही. जे करायचे ते इंजिनाने.

मागणी किती प्रकारची येऊ शकते? पहिली वॅगन ८ प्रकारे, दुसरी ७, तिसरी ६, चौथी ५ आणि पाचवी ४ प्रकारे निवडली जाईल. ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. फळीवर दोन सांधे आणि आठ वॅगन एवढेच सामान आहे, पण रोज एक डाव मांडला तरी सगळ्या मागण्या संपायला अठरा वर्षे लागतील.

आता विचार करण्यासारखी गोष्ट पाहा. तिन्ही सायडिंग मिळून ५ + ३ + ३ = ११ वॅगन मावतात. मग राइट यांनी ८ च का घेतल्या? समजा ११ घेतल्या. सगळ्या सायडिंग भरल्या. इंजिन एका सायडिंगमधून तीन वॅगन बाहेर ओढेल. त्या ठेवणार कुठे? जागा फक्त तिथेच आहे जिथून त्या काढल्या. म्हणजे इंजिन दिवसभर धावले तरी क्रम एका वॅगननेही बदलणार नाही. कोडे सुटते ते तीन वॅगनच्या मोकळ्या जागेमुळे. वॅगन ९ किंवा १० घेतल्या तर काय होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावे.

म्हणून यार्डाची क्षमता मोजताना 'किती वॅगन मावतात' एवढाच प्रश्न विचारून चालत नाही. 'किती वॅगन असताना काम करता येते' हेही विचारावे लागते. ही दुसरी संख्या नेहमीच पहिलीपेक्षा लहान असते. गच्च भरलेले कपाट, गच्च भरलेला बसचा डेपो किंवा गच्च भरलेले वेळापत्रक यांचीही अडचण हीच असते.

दोन फेऱ्यांत नऊ वॅगन

इंग्लेनुकमध्ये डोके खाजवावे लागते, कारण तिथला नेक मुद्दाम आखूड ठेवला आहे. नेक पुरेसा लांब असेल तर कोडे राहत नाही, ती एक पद्धत होऊन जाते.

समजा नेकवर नऊ वॅगन मावतात आणि तीन सायडिंगमध्ये प्रत्येकी तीन. इंजिनापासून वॅगनचा क्रम असा आहे:

७ २ ९ ४ १ ८ ५ ३ ६

त्या १ ते ९ अशा क्रमाने लावायच्या आहेत. पहिल्या फेरीत १, ४, ७ या वॅगन पहिल्या सायडिंगमध्ये सोडा, २, ५, ८ दुसऱ्या आणि ३, ६, ९ तिसऱ्या सायडिंगमध्ये. (तीनने भागल्यावर उरणाऱ्या बाकीप्रमाणे हे गट पडले आहेत.) वॅगन टोकाकडून सुटत जाणार, म्हणजे आधी ६, मग ३, मग ५ असे. सोडून झाल्यावर सायडिंगच्या तोंडापासून आतपर्यंतचा क्रम असा असेल:

पहिली: ७ ४ १
दुसरी: २ ८ ५
तिसरी: ९ ३ ६

आता आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी सायडिंग पूर्ण उचला. नेकवर ७ ४ १ २ ८ ५ ९ ३ ६ अशी रांग आली.

दुसऱ्या फेरीत १, २, ३ पहिल्या सायडिंगमध्ये, ४, ५, ६ दुसऱ्या आणि ७, ८, ९ तिसऱ्या सायडिंगमध्ये सोडा. तोंडापासून क्रम पाहा:

पहिली: १ २ ३
दुसरी: ४ ५ ६
तिसरी: ७ ८ ९

पुन्हा ओळीने उचलल्या की काम झाले.

यात जादू नाही. एका गटातल्या वॅगन सायडिंगमध्ये जाऊन परत आल्या तरी त्यांचा आपापसातला क्रम बदलत नाही. जी शेवटी आत गेली ती तोंडाशी राहते आणि पुन्हा इंजिनाच्या बाजूला येते. म्हणून पहिल्या फेरीत लावलेला क्रम दुसऱ्या फेरीत टिकून राहतो. सुरुवातीचा क्रम कोणताही असला तरी ही पद्धत चालते. मूळ क्रम बदलून पडताळा घ्यावा.

तीन सायडिंगमध्ये एका फेरीत ३ गट लागतात, दोन फेऱ्यांत ३ × ३ = ९ आणि तीन फेऱ्यांत २७. आकड्यांच्या जागी गावे घेतली तरी पद्धत तीच राहते. मात्र एका गावाच्या अनेक वॅगन असल्या तर सायडिंगही तेवढ्या लांब हव्यात. संगणक येण्यापूर्वी कचेऱ्यांत छिद्रांची कार्डे क्रमाने लावणारी यंत्रे असत. ती एकक, दशक, शतक अशा एकेका स्थानावरून कार्डे वेगळी करीत, आणि तीही याच तत्त्वावर.

फळीवर किती रूळ टाकावेत?

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. जगात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग असते. ४० फुटी अमेरिकन मालडबा १२.२ मीटर लांब, म्हणून त्याचे मॉडेल १४ सेंटिमीटर. कपलिंगसह १५ सेंटिमीटर धरू. इंजिनासाठी २० सेंटिमीटर धरू. शेजारच्या दोन रुळांच्या मध्यरेषांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवतात.

सांध्याची तिरकस दिशा प्रमाणात सांगतात. 'एकास सहा' म्हणजे सहा सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर बाजूला. तेव्हा ५ सेंटिमीटर बाजूला जायला ५ × ६ = ३० सेंटिमीटर लांबी खर्ची पडते. प्रत्येक नवा समांतर रूळ आधीच्यापेक्षा ३० सेंटिमीटर पुढे सुरू होतो. वरून पाहिले तर सांध्यांची ही तिरकी ओळ शिडीसारखी दिसते.

आणखी एक गोष्ट. सांध्याच्या अगदी लगत वॅगन उभी केली तर शेजारच्या रुळावरून जाणारी वॅगन तिला घासेल. दोन रुळांत पुरेसे अंतर पडल्यावरच वॅगन उभी करता येते. खऱ्या रेल्वेत ही जागा दाखवायला रुळांच्या मध्ये खूण असते, तिला फाउलिंग मार्क म्हणतात. आपल्या मापात त्यासाठी सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर सोडावे लागतात.

समजा आपल्याकडे ३६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२ फूट लांबीची फळी आहे. नेकवर ९ वॅगन आणि इंजिन मावायला हवे, म्हणजे ९ × १५ + २० = १५५ सेंटिमीटर. सायडिंगसाठी २०५ उरले. पहिल्या सायडिंगला २०५ – ३० = १७५ सेंटिमीटर वापरता येतील, म्हणजे ११ वॅगन. पुढचा रूळ १४५ चा, म्हणजे ९ वॅगन. त्यापुढे ११५ चा, म्हणजे ७. शेवटच्या सांध्यातून दोन रूळ फुटतात आणि ते सारख्याच लांबीचे असतात. यावरून पुढील हिशेब मिळतो.

२ रूळ: ११ + ११ = २२ वॅगन
३ रूळ: ११ + ९ + ९ = २९ वॅगन
४ रूळ: ११ + ९ + ७ + ७ = ३४ वॅगन
५ रूळ: ११ + ९ + ७ + ५ + ५ = ३७ वॅगन
६ रूळ: ११ + ९ + ७ + ५ + ३ + ३ = ३८ वॅगन
७ रूळ: ११ + ९ + ७ + ५ + ३ + १ + १ = ३७ वॅगन

वाढ पाहा: ७, ५, ३, १ आणि मग उणे १. सातवा रूळ टाकण्यासाठी एक सांधा जास्त विकत घ्यायचा आणि जागा मात्र एका वॅगनने कमी करून घ्यायची! पाचव्या रुळानंतरच खर्चाच्या मानाने हाती फारसे लागत नाही. ही वाढ दर वेळी बरोबर २ ने का घटते, हे दहावीच्या विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. (सूचना: नवा सांधा बसवला की शेवटचे दोन्ही रूळ ३० सेंटिमीटरने, म्हणजे दोन वॅगनने आखूड होतात.)

'एकास चार'चा सांधा घेतला तर शिडी आखूड होते, एका पायरीला २० सेंटिमीटरच लागतात. पण वळण तीव्र झाल्यामुळे लांब डबे सांध्यावर रुळावरून उतरू लागतात. ही ओढाताण खऱ्या रेल्वेतही आहे. भारतीय रेल्वेत यार्डातल्या अनेक सांध्यांचे प्रमाण एकास साडेआठ असते, तर वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या मार्गावर एकास बारा. जिथे वेग हवा तिथे जागा द्यावी लागते.

मुख्य मार्ग मोकळा हवा

यार्ड आखताना आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, नेक हा मुख्य मार्गाचा भाग नसावा. जागा वाचवण्यासाठी बरेच जण मुख्य मार्गालाच नेक समजून शंटिंग करतात. मग शंटिंग चालू असताना बाकीच्या सगळ्या गाड्या थांबून राहतात. मुख्य मार्गाला समांतर असा वेगळा नेक काढला की यार्ड आपले काम करीत राहते आणि गाड्या आपल्या वाटेने जातात. नेकची लांबी निदान सर्वांत लांब सायडिंगएवढी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. नेक त्याहून आखूड असेल तर ती सायडिंग एका खेपेत रिकामी करता येत नाही. वरच्या आपल्या आखणीत नेकवर ९ वॅगन मावतात आणि सर्वांत लांब सायडिंगमध्ये ११. म्हणजे एकतर त्या सायडिंगमध्ये ९ च वॅगन ठेवायच्या, नाहीतर नेक वाढवून सायडिंग कमी करायच्या.

दुसरी गोष्ट लूपची. बाहेरून आलेल्या गाडीचे इंजिन पुढच्या टोकाला असते. डेड एंड रुळावर शिरलेले असे इंजिन वॅगनच्या मागे अडकून पडते. दोन्ही टोकांना सांधे असलेला एक समांतर रूळ मोकळा ठेवला तर इंजिन कपलिंग सोडून त्या रुळाने वळसा घालून मागच्या टोकाला येते. हा लूप रिकामाच राहायला हवा. वॅगन ठेवायला तो आयता सापडतो, पण तिथे वॅगन उभी राहिली की इंजिनाची वाट बंद होते. मालधक्का, गार्डाच्या डब्याची जागा, इंजिनाची शेड हे सारे या दोन गोष्टी साधल्यावर जमेल तसे बसवावे.

टेबलावर चढाव का जमत नाही?

मोठ्या यार्डात प्रत्येक वॅगनसाठी इंजिन पुढे-मागे करीत नाहीत. रुळांचा एक उंचवटा करतात, त्याला हंप म्हणतात. इंजिन गाडीला हळूहळू उंचवट्यावर ढकलते, माथ्यावर वॅगन सुटतात आणि उताराने आपापल्या सायडिंगमध्ये घरंगळत जातात. वाटेत चाकांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ब्रेक त्यांचा वेग आवरतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट येथे असलेले बेली यार्ड जगातले सर्वांत मोठे मानले जाते. त्याची लांबी सुमारे ८ मैल आहे.

मॉडेलमध्ये हंप क्वचितच नीट चालतो. कारण लांबी ८७ पटीने लहान करता येते, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. समजा खरा हंप ४ मीटर उंच आहे. घर्षण सोडून दिले तर पायथ्याशी वॅगनचा वेग २ × ९.८ × ४ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.९ मीटर किंवा ताशी ३२ किलोमीटर येतो. मॉडेलमध्ये हाच हंप ४.६ सेंटिमीटर उंच होईल आणि वेग सेकंदाला ०.९५ मीटर. पण मॉडेलच्या जगातले अंतर ८७ पट मोठे मानायचे आहे. त्या हिशेबाने हा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर दिसतो! प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग कमी भरतो, आणि तोही प्रत्येक वॅगनचा वेगळा. एक वॅगन मध्येच थांबते, दुसरी जाऊन धडकते. म्हणून टेबलावर इंजिनाने ढकलण्याचे साधे यार्डच बरे.

खऱ्या रेल्वेत काय झाले?

मुघलसरायचे (२०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) हंप असलेले यार्ड एके काळी आशियातल्या सर्वांत मोठ्या यार्डांत गणले जाई. एकेका वॅगनचा माल घेण्याची पद्धत होती तोवर अशा यार्डांना पर्याय नव्हता. पण वॅगनचा बराचसा काळ धावण्याऐवजी यार्डात वाट पाहण्यात जाई. फेऱ्या वाढल्या की वेळ जातो, हे आपण तीन वॅगनच्या उदाहरणात पाहिलेच. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी पूर्ण मालगाडी चालवण्यावर भर दिला. कोळशाच्या अशा एका गाडीत ५८ च्या आसपास वॅगन असतात आणि त्या वेगळ्या करण्याचा प्रश्नच उरत नाही. मोठी यार्डे त्यामुळे मागे पडली. पण त्याची किंमतही आहे. ज्याच्याकडे दोनच वॅगनचा माल आहे असा छोटा व्यापारी ट्रककडे वळला.

वर्गात करून पाहा

जमिनीवर खडूने एक नेक आणि तीन सायडिंग काढा. आठ काड्यापेट्यांवर १ ते ८ आकडे चिकटवा. नववी काड्यापेटी रंगवून इंजिन करा. सायडिंगवर काड्यापेटीच्या मापाने ५, ३, ३ आणि नेकवर ३ अधिक इंजिन अशा खुणा करा. एक विद्यार्थी इंजिन चालवेल, एक सांधेवाला होईल, एक चाली मोजेल. इंजिनाने दिशा बदलली की एक चाल धरावी. चिठ्ठ्या काढून मागणी ठरवा.

दोन-तीन डाव झाल्यावर पुढील प्रश्न विचारता येतील.

१. एकच मागणी दोन गटांना दिली तर चालींची संख्या सारखी येते का? कमी चालींत करणाऱ्याने वेगळे काय केले?

२. नेक एका वॅगनने वाढवला तर काम किती सोपे होते? आणि त्याऐवजी एक सायडिंग एका वॅगनने वाढवली तर?

३. चार सायडिंग आणि दोन फेऱ्या असतील तर किती गट लावता येतील? नेक किती लांब हवा?

४. फळी ३६० ऐवजी ४२० सेंटिमीटर असेल, तर जास्तीत जास्त वॅगन किती रुळांवर मावतील?

दुसऱ्या प्रश्नावर वर्गात हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा. निकाल सांगण्याची गरज नाही, खडूची रेघ पुसून पुन्हा काढता येते आणि काड्यापेट्या उत्तर देतात.